उपरण्याखालचं मत

रामाकोना, ता. सौसर
११ ऑक्टोबर १९५६

चि. उर्मिला,

आशीर्वादाची ओळ मुद्दाम गाळली आहे, विसरलो नाही. तू गेल्यापासून सव्वातीन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि आताही लिहिणार नव्हतो. पण तुझी पत्रं आईला वाचून दाखवणारे पोस्टमास्तर बदलून गेले, आणि परवा आलेलं पाकीट तुझ्या आईनं, आमच्या देवकाबाईंनी, माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. बायकोला वाचता येत नाही आणि बापाला येतं, म्हणून हा योग आला.

तू आईला विचारतेस, "रामाकोन्यात ते एक मत कोणाचं होतं? ज्या गावानं आम्हाला एका मतानं हाकललं, त्या गावात मी छायाला घेऊन येणार नाही. निदान तो माणूस कोण ते सांगा, म्हणजे बाकीच्यांना माफ करता येईल." दोन वर्षांची नात मी पाहिलेली नाही, ते राहू दे. पण गावाला माफी द्यायला तू कोण लागून गेलीस? जोरहाटला नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून माणूस एवढा मोठा होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

विचारलंसच तर ऐक. तुला त्या प्रकरणातलं अर्धंच माहीत आहे. तेव्हा तुझं लक्ष दुसरीकडं होतं.

लढाईच्या काळात सरकारनं आपल्या बरडावर विमानं उतरायला पट्टी केली आणि लढाई संपल्यावर ती तशीच टाकून दिली. मग आमच्या संत्रा मंडळानं ती मागून घेतली. नर्मदा हवाई कंपनीचं डाकोटा विमान आठवड्यातून दोनदा यायचं आणि करंड्या भरून कलकत्त्याला जायचं. पहिल्या दिवशी आपले लोक पंख्याला हळदकुंकू लावायला पोरंबाळं घेऊन आले होते. शेजारच्या गुणवंतानं तर वैमानिकाला विचारलं होतं, जाता जाता माझ्या बगीच्यापाशी थांबता का, चारच करंड्या आहेत. असल्या लोकांच्या हाती पुढं देशाच्या विमानांचा निकाल आला, हे ध्यानात ठेव.

त्रेपन्न साली दिल्लीनं सगळ्या हवाई कंपन्या ताब्यात घ्यायचं ठरवलं. आम्हाला पत्र आलं की मंडळानं पट्टी राष्ट्राच्या ताब्यात दिली तर ती पक्की करू आणि तिथं बिनतारी कचेरी कायमची ठेवू. तुझा रवींद्र तेव्हा कंपनीच्या नोकरीत त्या पत्र्याच्या खोलीत कानाला डबे लावून वाऱ्याशी बोलत बसायचा. मत होकाराचं पडलं असतं तर तो सरकारी झाला असता आणि इथंच राहिला असता. पण पट्टी द्यायची तर मंडळाची घटना बदलायला हवी होती. तीत कलम सहा होतं की पट्टीचा ताबा सभासदांकडंच राहील.

ती घटना सौसरच्या भैय्याजी वकिलांनी लिहिलेली. देशाची घटना नुकतीच झाली होती, मग सौसरनं काय घोडं मारलं होतं? कुठल्याशा पुस्तकात ऑस्ट्रेलियाचा कायदा वाचून त्यांनी आपल्या घटनेत पाचर मारून ठेवली होती. काही बदलायचं तर एकूण मतं जास्त हवीतच, शिवाय सहापैकी चार गावांत जास्त हवीत. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यांनी आपल्या संख्येवर सगळं गिळू नये म्हणून ही अक्कल.

मत घ्यायचं कसं यावर आठ दिवस भांडण झालं. भैय्याजींना पेट्या हव्या होत्या. लोक म्हणाले, पेटी कोण उघडतो आम्हाला काय ठाऊक, आम्ही बाजारात भाव करतो तसं मत देऊ. म्हणजे आडत्याच्या उपरण्याखाली हात घालायचा, एक बोट दाबलं तर हो, दोन दाबली तर नाही. बाहेर कोणाला दिसत नाही आणि चुकायची सोय नाही. हात कोणाचा, तर यशवंतरावचा. तीस वर्षं पांढुर्ण्याच्या आडतीवर बसलो, पण माझ्या हातात एक भाव आणि तोंडात दुसरा, असं कोणी म्हटलं नाही. सहा दिवस सहा गावं फिरलो. आपला बगीचा तुझ्या आजोबांनी आईच्या नावे केलेला, म्हणून रामाकोन्यातलं मत तिचं होतं. माझं मत कुठंच नव्हतं.

एकूण होकार दोनशे तेरा, नकार एकशे एक्याऐंशी. पांढुर्णा, सौसर आणि लोधीखेडा होकारात. मोहगाव आणि पिपळा नकारात. दिल्लीवाला आमच्या संत्र्याला विचारील काय, हे त्यांचं शहाणपण. राहिलं रामाकोना. तीस होकार, एकतीस नकार. बहुमत मिळूनही ठराव पडला. भैय्याजींनी भर सभेत आनंदानं सांगितलं की ऑस्ट्रेलियातही सदतीस साली विमानांवरच मत घेतलं होतं, तिथंही लोक जास्तीचे होकारात आणि प्रांत नकारात, म्हणून पडलं. जसं काही आमचं पडल्यानं त्यांच्या घटनेला थोरामोठ्यांचं गोत्र मिळालं.

आता ते एक मत. मोजणारा मी, मला सगळी बोटं ठाऊक आहेत. पण उपरण्याखालची गोष्ट आडत्या बाहेर काढत नाही. तुला कळणार नाही. आईची तब्येत बरी आहे.

यशवंतराव


रामाकोना
५ नोव्हेंबर १९५६

चि. उर्मिला,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं लिहायला तुला वेळ मिळतो, म्हणजे संसार फार जड नसावा.

इकडची बातमी अशी की परवाच्या एक तारखेला आपलं राज्य बदललं. नागपूर मुंबईकडं गेलं आणि सौसर-पांढुर्णा भोपाळकडं. मुलुख मराठी, बोलणं मराठी, संत्री नागपूरची म्हणून विकतो, आणि राजधानी अशी की तिथं जाऊन आलेला माणूस आख्ख्या तालुक्यात सापडत नाही. दिवाळी दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळं फटाके लक्ष्मीचे की भोपाळचे ते कळलं नाही. भैय्याजींनी झेंडावंदन केलं, हिंदीत भाषण केलं, आणि मधेच गाडी मराठीत घसरली तेव्हा टाळ्या पडल्या. गंमत बघ. विमानं कोणाच्या ताब्यात जावीत यावर आमचा हात धरून विचारलं गेलं, आणि आम्ही कोणत्या राज्यात जावं यावर कोणी बोटसुद्धा मागितलं नाही. मागितलं असतं तरी काय दिवे लावले असते ते मी पाहिलेलं आहे.

पट्टीवर आता मिरच्या वाळतात. डाकोटा येत नाही हे कळायला लोकांना वर्ष लागलं. गेल्या साली कोणी तरी मंडळात विचारलं की विमान कधी सुरू होणार. त्यानं नकाराचं मत दिलं होतं, हे मला ठाऊक आहे.

तू लिहितेस की गुणवंताकाकाचंच मत असणार, कारण आधी तो होकारात होता आणि शेवटच्या दोन दिवसांत कुरकुर करायला लागला होता. सगळं गाव हेच म्हणतं. एका मतानं गेलं म्हटल्यावर लोकांना एक माणूस लागतोच. गुणवंता शपथा घेऊन थकला. त्याच्या तोडणीला गावातले लोक जात नाहीत, त्याला मजूर लोधीखेड्याहून आणावे लागतात. दिवाळीत त्याच्या दारात कोणी पाय ठेवत नाही. मी त्याच्या बाजूनं बोललो नाही, कारण एकाचं सांगितलं की सगळ्यांचं सांगावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तो माणूस मूर्ख आहे. विमानाला आपल्या शेताच्या धुऱ्याशी थांबवायला निघालेल्या माणसाची कीव करायला माझ्याकडं वेळ नाही.

तुझी आई मात्र दर दिवाळीला त्याच्याकडं फराळाचं ताट पाठवते. यंदाही पाठवलं. का, ते मी विचारलं नाही.

तिला थोडा ताप येतो. ऋतू बदलला की सगळ्यांनाच येतो.

यशवंतराव


रामाकोना
९ डिसेंबर १९५६

उर्मिला,

तू जे केलंस ते तुझ्या नवऱ्याच्या सल्ल्यानं केलंस की स्वतःच्या अकलेनं, ते मला कळायला हवं.

काल दुपारी गुणवंता आला. खांद्यावर नवा गमछा, हातात तुझं पाकीट. अंगणातूनच म्हणाला, "यशवंतराव, पोरीचं पत्र आलं मले. वाचा बरं." त्याला कोण पत्र लिहितं? जन्मात पहिलं आलं असेल. खाटेवर मांडी घालून बसला, गमछा नीट केला, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

मी उघडलं. तू काय लिहिलं होतंस ते तुला माहीत आहे. त्याच्या एका मतानं तुला आईबाप असून नसल्यासारखे झाले. तुझ्या बाळंतपणात परक्या बायकांनी पाणी दिलं. असल्या माणसाच्या झाडांना फळ धरू नये. बागाईतदाराला याहून वाईट शिवी नाही, आणि तू बागाईतदाराची मुलगी, म्हणून तुला ती बरोबर सापडली.

मी पहिली ओळ मनात वाचली आणि मग मोठ्यानं वाचायला लागलो. चिरंजीव छाया आता चालते. इकडं चहाचे मळे आहेत. काकांची आठवण येते. काकूंना नमस्कार. असं दोन पानं वाचलं. मला इतकं गोड लिहिता येतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. गुणवंतानं डोळे पुसले. म्हणाला, "आसामात राहून राहिली, पण काकाले भुलली नाई. गाव काईबी म्हणो." मग पत्र मागून घेतलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि गेला. आता तो ते पत्र मंदिरापाशी चार लोकांना दाखवील, आणि त्यांत एखादा वाचणारा निघाला म्हणजे पुढचं तू विचार कर.

तू म्हणशील, खरं वाचून दाखवायचं होतं. बरोबर आहे. तुला वाटेल मी त्या मूर्खाला दुखवायला घाबरलो. तसं समज.

तुझ्या नवऱ्याबद्दल एकदाच लिहितो. त्या साली फेब्रुवारीत मला कळलं की तू सायकलीवर संत्री घेऊन पट्टीवर जातेस. वरुडच्या आडत्याकडं मी तुझं बोलणं लावून ठेवलं होतं. घरची सत्तर एकर बागाईत आणि एकुलता मुलगा. आणि हा कोण? ना शेत, ना गाव, पगार आला की खायचं, आणि भिंतीला तारा लावून दिल्लीशी गप्पा. मला त्याचा राग नव्हता, तिटकारा होता. पट्टी बंद पडली तर कंपनी जाईल, कंपनी गेली तर तो जाईल, आणि दोन महिन्यांत तू त्याला विसरशील, असं मी धरून चाललो होतो. बापाच्या मनात असं येणं हा काही गुन्हा नाही. मनात येणं वेगळं.

पट्टी बंद पडली, तो गेला, आणि तू त्याच्या मागोमाग नागपूरला जाऊन रजिस्टर लग्न केलंस. म्हणजे माझा हिशेब तूच चुकवलास.

आईचा ताप उतरत नाही. सौसरहून डॉक्टर येऊन गेले. त्यांनी छातीला नळी लावली, तोंड वाकडं केलं आणि संत्री खायला घाला म्हणून सांगितलं. रामाकोन्यात येऊन संत्री खायला सांगणारा डॉक्टर म्हणजे किती शिकलेला असेल ते बघ. तू काळजी करण्यासारखं काही नाही.

यशवंतराव


रामाकोना
२३ डिसेंबर १९५६

उर्मिला,

हे पत्र आईनं लिहायला लावलं आहे. काय लिहायचं तेही तिनंच ठरवलं आहे.

गुणवंता पत्र घेऊन आला होता त्या दिवशी ती आतल्या खोलीत पडून होती आणि दार उघडं होतं. तू काकाला काय लिहिलं असशील हे तिला मी वाचण्याआधीच कळलं होतं, कारण तू तिची मुलगी आहेस. मी चहाचे मळे वाचत होतो ते तिनं सगळं ऐकलं.  पंधरा दिवसांनी, काल दुपारी, मला हाक मारली. म्हणाली, बसा इथं. खुंटीवरचं माझं उपरणं मागून घेतलं, आपल्या हातावर टाकलं आणि म्हणाली, "हात द्या."

मला वाटलं तापातला भ्रम आहे. हात दिला. तिनं एक बोट दाबलं. अंगात ताकद नव्हती, पण बोट ओळखायला मला ताकद लागत नाही.

"किती?"

मी म्हटलं, "एक."

"त्या दिवशीबी एकच होतं," ती म्हणाली.

तुला सगळं सांगायचं म्हणून लिहितो. रामाकोना शेवटचं गाव होतं. मी पोचलो तेव्हा तीन गावं होकारात आणि दोन नकारात होती, आणि हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. शाळेच्या ओट्यावर बसून साठ हात घेतले. माझ्या मागं झाकलेली दोन मडकी होती, एक होकाराचं आणि एक नकाराचं, आणि प्रत्येक हातामागं मी एकात चिंचोका टाकत होतो. साठ झाले तेव्हा तीस आणि तीस. गुणवंता केव्हाच येऊन गेला होता. त्यानं एक बोट दाबलं होतं, इतकं जोरात की नख रुतलं. तीन वर्षं सगळं गाव ज्याच्यावर थुंकतं, तो होकाराचा माणूस आहे.

बाया शेवटी होत्या आणि सगळ्यांत शेवटी तुझी आई. तुझं आणि रवींद्रचं तिला माहीत होतं, तू तिला सांगितलं होतंस, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं बायको नवऱ्याच्या मनाप्रमाणं दोन दाबील. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, उपरण्याखाली हात घातला आणि एक बोट दाबलं. दाबून धरलं. सोडलं नाही. मीच हात ओढून घेतला आणि चिंचोका नकाराच्या मडक्यात टाकला.

एवढंच केलं. ज्या हातानं तीस वर्षांत कोणाला चार आण्यांना फसवलं नाही, त्या हातानं. आणि केलं ते एका पोराला गावातून घालवण्यासाठी. तो जाताना तुला घेऊन जाईल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. मी गुणवंताला मूर्ख म्हणतो. त्याला निदान विमान वाटेत थांबतं का हे विचारायची बुद्धी झाली होती.

मी तिला विचारलं की तुला कसं कळलं. म्हणाली, बत्तीस वर्षं ज्या हाताला भाकरी दिली तो हात माझ्या हातातून कसा निघाला हे मला कळणार नाही का? मग मी विचारलं की तेव्हाच का बोलली नाहीस. त्यावर जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "तवाच चार लोकांत बोलली असती तं तुमची आडत बुडाली असती. पोरगी तं गेलीच होती."

तीन वर्षं हे पोटात ठेवून ती माझं ताट वाढत होती. आणि मी तुला लिहीत होतो की उपरण्याखालची गोष्ट आडत्या बाहेर काढत नाही.

आज सकाळी गुणवंताकडं गेलो. टोपीतलं पत्र काढायला लावलं आणि जसं आहे तसं वाचून दाखवलं, झाडांना फळ धरू नये तेही वाचलं. मग ती शिवी खरी माझ्या वाट्याची आहे, ते सांगितलं.  मला वाटलं तो मारील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "मंग पोरीनं आठवण काढली ते खोटंच का?" मी म्हटलं, खोटंच. तो उठून आत गेला.

भैय्याजींकडं माणूस पाठवला होता. त्यांचा निरोप आला की आता हरकत घ्यायची मुदत संपली आहे आणि विषय वाढवू नये. त्यांच्या घटनेत माझ्यासारख्यासाठी कलम नाही. तरी शनिवारच्या बाजारात मी पांढुर्ण्याला स्वतः सांगणार आहे. त्यानंतर माझ्या उपरण्याखाली कोणी हात घालणार नाही. घालूही नये. मी आजवर या मुलखातल्या एकूण एक माणसाला हसलो आणि त्यांच्यापैकी कोणीही हे केलं नसतं. लाज वाटते हे लिहायला मला बावन्न वर्षं लागली.

आईच्या तब्येतीची काळजी नको असं मी तिन्ही पत्रांत भासवलं, ते खोटं होतं. डॉक्टर आता येत नाहीत. पण हे कारण सांगून तुला बोलवायची तिनं मला बंदी केली आहे. म्हणाली, "मी बिमार आहो म्हणून नका बलावू. तुमी काय केलं ते लिहा. मंग तिले वाटलं तं येईन." हे वाक्यसुद्धा मी तिच्या नकळत लिहितो आहे. म्हणजे अजूनही तिचं म्हणणं जसंच्या तसं पोचवणं मला जमत नाही.

तू गावावर राग धरू नकोस. गावानं तुला घालवलं नाही. तुला ये म्हणायचा हक्क माझा राहिला नाही, आणि तुझी आई पुन्हा म्हणणार नाही. तू इथं राहावीस म्हणून तिनं सगळ्या गावासमोर एकदा हात पुढं केला होता, आणि तिचं हो मी नाही म्हणून मोजलं.

यशवंत